पोकर: झाकलेल्या पानांचा खेळ आणि त्याचा दोनशे वर्षांचा प्रवास

आज पत्त्यांबद्दल बोलू या. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, बंगळुरू अशा ठिकाणांहून ही मालिका बघणारे आणि आता वाचणारे खूप जण आहेत. पोकरबद्दल साधारण तीन प्रश्न सगळीकडूनच येतात. पोकर म्हणजे नेमकं काय? तो नशिबाचा खेळ की डोक्याचा? आणि तो आपल्याकडे कायद्यात बसतो का?

तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. खेळ कसा चालतो हे कळल्याशिवाय नशिबाचं गणित कळत नाही आणि ते कळल्याशिवाय कोर्टात एवढा वाद का झाला तेही समजत नाही. म्हणून क्रमानं जाऊ.

आधी तीन पत्तीकडून सुरुवात करू

तीन पत्ती बहुतेकांनी खेळलेली किंवा निदान बघितलेली असते. बूट टाकायचा, चाल करायची, हात खराब वाटला तर पॅक व्हायचं, शेवटी शो. सगळ्यात वर ट्रेल, मग प्युअर सिक्वेन्स, मग सिक्वेन्स, मग कलर, मग जोडी. इंग्लंडात ब्रॅग नावाचा तीन पानांचा जुना खेळ आहे, त्याच्याशी तीन पत्तीचं नातं सांगितलं जातं. पोकरच्या पूर्वजांमध्येही ब्रॅगचं नाव घेतात. म्हणजे तीन पत्ती आणि पोकर हे एका अर्थी चुलतभाऊ.

पण या चुलतभावांत एक गमतीशीर फरक आहे. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला हरवते. पोकरमध्ये उलटं, तिथे कलर सिक्वेन्सला हरवतो. असं का? कोणाच्या मनात आलं म्हणून नाही. यामागे सरळ मोजणी आहे.

५२ पानांतून ३ पानं निवडायचे एकूण २२,१०० प्रकार होतात. त्यात साध्या सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून ती वर. आता ३ ऐवजी ५ पानं घ्या. एकूण प्रकार होतात २५,९८,९६०. त्यात सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. पाच पानं एकाच रंगाची येणं आता जास्त कठीण झालं, म्हणून कलर वर गेला. पत्त्यांच्या या खेळांत साधारण नियम असा: जे कमी वेळा येतं, ते भारी.

पोकरचे हात

पोकरमध्ये शेवटी पाच पानांचा हात मोजला जातो. भारीपासून हलक्याकडे क्रम असा:

- रॉयल फ्लश: एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी. फक्त ४ प्रकार.
- स्ट्रेट फ्लश: एकाच रंगाची सलग पाच पानं. ३६ प्रकार.
- चार सारखी पानं, उदाहरणार्थ चार राजे. ६२४ प्रकार.
- फुल हाउस: तीन सारखी आणि दोन सारखी. ३,७४४ प्रकार.
- फ्लश, म्हणजे आपला कलर. ५,१०८ प्रकार.
- स्ट्रेट, म्हणजे सिक्वेन्स. १०,२०० प्रकार.
- तीन सारखी पानं. ५४,९१२ प्रकार.
- दोन जोड्या. १,२३,५५२ प्रकार.
- एक जोडी. १०,९८,२४० प्रकार.
- काहीच नाही, फक्त मोठं पान. १३,०२,५४० प्रकार.

शेवटच्या दोन ओळी पुन्हा बघा. पाच पानं वाटली तर ९२ टक्क्यांहून अधिक वेळा हातात एक जोडी असते किंवा काहीच नसतं. म्हणजे टेबलावर बसलेल्या बहुतेकांकडे बहुतेक वेळा सांगण्यासारखं काही नसतं. सिनेमात दिसतं तसे एका डावात चार एक्के आणि दुसऱ्या बाजूला रॉयल फ्लश, हे आयुष्यात कदाचित कधीच बघायला मिळणार नाही. पोकर खेळला जातो तो या साध्या, अर्ध्याकच्च्या हातांवर. म्हणूनच पानांइतकंच महत्त्व निर्णयाला येतं.

डाव कसा चालतो

पोकरचे प्रकार अनेक आहेत. आज जगभर सर्वांत जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डम. तो असा चालतो.

डीलरच्या डावीकडचे दोन खेळाडू पानं वाटण्याआधी ठरावीक चिप्स टाकतात. त्याला स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड म्हणतात. इथे गोंधळ करू नका. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे सक्तीची सुरुवातीची रक्कम, आपल्या बूटसारखी, फक्त ती सगळे देत नाहीत, दोघंच देतात, आणि ती पाळी फिरत राहते.

मग प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. ती फक्त त्यानं बघायची. पहिली फेरी होते. प्रत्येकापुढे पर्याय मोजकेच: आधीच्यानं लावलं तेवढं भरायचं, म्हणजे कॉल, वाढवायचं, म्हणजे रेझ, किंवा पानं टाकून द्यायची, म्हणजे फोल्ड. समोर कोणी काही लावलेलंच नसेल तर नुसतं चेक म्हणून पाळी पुढे ढकलता येते.

त्यानंतर टेबलाच्या मध्यभागी तीन पानं उघडी मांडतात. याला फ्लॉप म्हणतात. पुन्हा फेरी. मग चौथं पान, टर्न. पुन्हा फेरी. मग पाचवं पान, रिव्हर, आणि शेवटची फेरी. मधली पाच पानं सगळ्यांची सामाईक. आपली दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून सर्वोत्तम पाच धरायची. शेवटपर्यंत एकाहून जास्त खेळाडू उरले तर पानं उघडतात. बाकी सगळ्यांनी आधीच पानं टाकली तर उरलेला एकटा सगळा पॉट घेतो, आणि त्याला पानं दाखवावीही लागत नाहीत.

हे शेवटचं वाक्य म्हणजे पोकरचा गाभा. सगळ्यात चांगला हात असेल तर जिंकता येतं. आपला हात सगळ्यात चांगला आहे असं इतरांना वाटलं तरी जिंकता येतं.

मिसिसिपीवरची २० पानं

आता इतिहास. पोकर कोणी एकानं शोधून काढलेला नाही. जर्मनीत पोखेन नावाचा खेळ होता. पोखेन म्हणजे ठोठावणं. फ्रेंचांकडे त्याच वळणाचा पोक होता. इराणात आस-नास खेळला जायचा, तोच पोकरचा बाप असं एकेकाळी मानत, पण आजचे अभ्यासक ते तितकंसं स्वीकारत नाहीत. नावापुरतं तरी नातं पोकशी जास्त जवळचं दिसतं.

पोकर आकाराला आला तो अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात. हा लुइझियानाचा मुलूख १८०३ मध्ये अमेरिकेनं फ्रान्सकडून विकत घेतला. फ्रेंच बोलणारी वस्ती, त्यात इंग्रजी बोलणाऱ्यांची भर, आणि मिसिसिपी नदीवरून ये-जा करणाऱ्या आगबोटी. प्रवास दिवसेंदिवस चालायचा. कापसाचे व्यापारी, मळेवाले, सैनिक, आणि त्यांच्यासोबत व्यावसायिक जुगारी. खेळ पसरायला याहून सोयीची जागा कुठली?

जोसेफ कॉवेल या इंग्रज नटानं १८४४ च्या आपल्या आठवणींमध्ये १८२९ साली आगबोटीवर बघितलेल्या पोकरच्या डावाचं वर्णन केलं आहे. त्याच्या आदल्याच वर्षी जोनाथन ग्रीन या जुगार सोडलेल्या माणसानं जुगाराची पोल खोलणारं पुस्तक काढलं, त्यातही हा खेळ आहे. तो त्याला फसवणुकीचा खेळ म्हणतो.

तेव्हाचा पोकर २० पानांचा होता: एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी. चार खेळाडू, प्रत्येकी पाच पानं, गड्डी संपली. पान बदलायची सोय नाही, कलर नाही, सिक्वेन्स नाही. फेरीही एकच.

मग ५२ पानांची पूर्ण गड्डी आली. बदल साधा वाटतो, पण त्यानं खेळ बदलून टाकला. एक तर चारपेक्षा जास्त लोक बसू शकले. दुसरं, वाटून झाल्यावर पानं शिल्लक राहू लागली, म्हणून नको ती पानं टाकून नवी घेता येऊ लागली. हा ड्रॉ पोकर. पानं बदलण्याआधी एक फेरी, नंतर दुसरी. शिवाय समोरच्यानं किती पानं बदलली, हीसुद्धा माहिती झाली. याच काळात कलर आणि पुढे सिक्वेन्स हे हात मानले जाऊ लागले.

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात छावण्यांमधून खेळ देशभर गेला. स्टड पोकर याच सुमाराला रुजला. त्यात काही पानं उघडी वाटतात, म्हणजे अर्धी माहिती सगळ्यांसमोर. १८७० च्या दशकात अमेरिकेचे लंडनमधले राजदूत रॉबर्ट शेंक यांनी आपल्या यजमानांसाठी ड्रॉ पोकरचे नियम लिहून दिले, ते छापले गेले आणि इंग्रज उमरावांच्या घरांत पोकर पोचला. त्याच दशकात, २ ऑगस्ट १८७६ ला, डेडवुड गावी वाइल्ड बिल हिकॉकला पोकर खेळत असताना मागून गोळी घातली. त्याच्या हातात एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी होती अशी आख्यायिका आहे, म्हणून त्या हाताला आजही मेलेल्याचा हात म्हणतात.

टेक्सासहून लास वेगास, तिथून घराघरांत

होल्डम विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. टेक्सासच्या विधिमंडळानं २००७ मध्ये रॉब्सटाउन हे गाव त्याचं जन्मस्थान म्हणून मान्य केलं. १९६० च्या दशकात तो लास वेगासला पोचला. १९७० मध्ये बेनी बिनियन यांनी आपल्या हॉर्सशू कॅसिनोत वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर सुरू केली. पहिल्या वर्षी विजेता चक्क खेळाडूंच्या मतदानानं ठरला, तो जॉनी मॉस. पुढच्या वर्षापासून स्पर्धा शेवटचा एक उरेपर्यंत खेळू लागले.

तरी बरीच वर्षं पोकर बघायला कंटाळवाणा होता, कारण खेळाडूंची पानं प्रेक्षकांना दिसत नसत. हेन्री ओरेनस्टीन या खेळणी बनवणाऱ्या संशोधकानं टेबलातून झाकली पानं टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं पेटंट १९९५ मध्ये मिळवलं. त्यानंतर घरी बसलेल्या माणसाला कोण खोटं बोलतंय ते दिसू लागलं.

२००३ मध्ये टेनेसीचा एक हिशेबनीस, ख्रिस मनीमेकर, ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि ८३९ जणांमध्ये पहिला येऊन २५ लाख डॉलर जिंकला. तीनच वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच स्पर्धेत ८,७७३ जण उतरले. लोकांना वाटलं, तो करू शकतो तर मी का नाही?

या लाटेचं दुसरं टोक १५ एप्रिल २०११ ला दिसलं. अमेरिकी सरकारनं तीन मोठ्या पोकर साइट्सवर खटले भरले. एका साइटवरच्या अमेरिकी खेळाडूंचे अडकलेले पैसे परत मिळू लागायला २०१४ उजाडलं. स्क्रीनवर दिसणारी शिल्लक म्हणजे हातातले पैसे नव्हेत, हे अनेकांना तेव्हा कळलं.

नशीब किती, डोकं किती?

आता मूळ प्रश्न. बुद्धिबळात पट दोघांनाही पूर्ण दिसतो. पोकरमध्ये काही पानं झाकलेली असतात, म्हणून निर्णय अपुऱ्या माहितीवर घ्यावा लागतो. एक उदाहरण करून बघू.

तुमच्याकडे बदामची दोन पानं आहेत, मध्ये आणखी दोन बदाम आलेत, आणि फक्त शेवटचं पान उघडायचं बाकी आहे. एक बदाम आलं की कलर होतो आणि तुम्ही जिंकता असं धरू. न आल्यास हरता. तुम्ही ६ पानं बघितली आहेत, ४६ बघितलेली नाहीत, आणि त्यात ९ बदाम आहेत. म्हणजे ४६ मध्ये ९, साधारण २० टक्के.

पॉटमध्ये ८०० चिप्स आहेत. समोरच्यानं २०० लावले, पॉट १,००० झाला. तुम्हाला २०० भरायचेत. असा प्रसंग ४६ वेळा आला असं समजा. ९ वेळा १,००० मिळतील, म्हणजे ९,०००. ३७ वेळा २०० जातील, म्हणजे ७,४००. एकूण फायदा, म्हणून भरणं योग्य. आता समोरच्यानं २०० ऐवजी ८०० लावले तर? ९ वेळा १,६०० म्हणजे १४,४०० येतील आणि ३७ वेळा ८०० म्हणजे २९,६०० जातील. तीच पानं, तीच शक्यता, पण आता पानं टाकणं योग्य.

लक्षात घ्या, भरणं योग्य होतं तेव्हाही तुम्ही दहापैकी आठ वेळा हरणारच आहात. एका डावावरून चांगला खेळाडू ओळखता येत नाही, हजारो डावांवरून येतो. एका रात्रीत नशीब वरचढ असतं, वर्षभरात हळूहळू कौशल्य.

थाप मारण्याचंही गणित आहे. तुम्ही फक्त भारी हातावरच चिप्स लावता हे कळलं, की तुम्ही लावताच सगळे पानं टाकतील आणि भारी हाताचे पैसे मिळणारच नाहीत. म्हणून अधूनमधून थाप मारावीच लागते. किती? समजा शेवटच्या फेरीत पॉटमध्ये १०० आहेत आणि तुम्ही १०० लावता. समोरच्याला १०० भरून २०० जिंकायचेत. तुमच्या दर तीन वेळांपैकी एक थाप असेल, तर तो दोनदा १०० हरेल, एकदा २०० जिंकेल. हिशेब शून्य. तो भरो न भरो, तुम्हाला पकडायचा मार्ग त्याच्याकडे नाही.

या विचारातून एक शास्त्र उभं राहिलं. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानं १९२८ मध्ये अशा खेळांवर निबंध लिहिला. १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थतज्ज्ञासोबत ग्रंथ लिहिला, त्यात पोकर आणि थापेचं गणित आहे. आज त्याला आपण गेम थिअरी म्हणतो. लिलावापासून युद्धनीतीपर्यंत ती वापरली जाते. २०१७ मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या संगणक प्रणालीनं चार कसलेल्या व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवलं. नुसत्या नशिबाच्या खेळात असं झालं नसतं. नाण्याच्या छापा-काट्यात कुठलाच संगणक कोणाला हरवू शकत नाही.

मग पैसे कोण कमावतं?

कौशल्य आहे म्हणजे आपण जिंकू, हा निष्कर्ष मात्र चुकीचा. पोकरमध्ये पैसा निर्माण होत नाही, एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो. त्यातून टेबल चालवणारा आपला वाटा काढतो, त्याला रेक म्हणतात.

समजा सहा जण प्रत्येकी २,००० घेऊन बसले. टेबलावर एकूण १२,०००. दर तासाला ३० डाव, सरासरी पॉट ५००, आणि रेक ५ टक्के. दर डावाला २५, तासाला ७५०. आठ तासांत ६,००० गेले. सहाही जण सारख्याच ताकदीचे असतील तर सरासरी प्रत्येकाचे निम्मे पैसे कमी झाले, आणि कोणी चूक केलेली नाही. जिंकायचं असेल तर समोरच्यापेक्षा थोडं बरं असून भागत नाही. रेक भरून काढण्याइतकं बरं असावं लागतं.

कायद्यात काय बसतं?

आपल्याकडे जुगार हा राज्यांचा विषय. जुन्या मुंबई इलाख्याचा १८८७ चा कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला जुगारातून वगळतो. सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये रमीला मुख्यत्वे कौशल्याचा खेळ म्हटलं. पोकरबाबत मात्र एकमत झालं नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात ब्रिज आणि रमीबरोबर पोकरही जुगाराच्या व्याख्येबाहेर ठेवला आहे. नागालँडनं २०१६ मध्ये त्याला कौशल्याच्या खेळांच्या यादीत घेतलं. उलट गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये पोकर हा जुगार ठरवला. गोव्यात मांडवीतल्या बोटींवर कॅसिनो चालतात ते तिथल्या वेगळ्या कायद्यातल्या परवान्यावर. म्हणजे कोलकात्याचा मराठी माणूस आणि बडोद्याचा मराठी माणूस एकच डाव खेळले, तरी कायद्याच्या नजरेत ते दोन वेगळे डाव.

ऑनलाइन खेळाबाबत चित्र २०२५ मध्ये बदललं. ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, पुरवायला या कायद्यानं बंदी घातली. पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षेची तरतूद नाही. कायद्याला कोर्टात आव्हान दिलं गेलं. पण व्यवहारात एक गोष्ट लक्षात ठेवा: अजूनही कोणी लिंक पाठवून परदेशी अॅपवर पैसे भरायला सांगत असेल, तर ते पैसे बुडाले की दाद मागायला दार नाही.

घरात चिंचोक्यांवर किंवा बटणांवर होल्डम खेळून बघा. शक्यता, अंदाज, समोरच्याचं मन वाचणं, हरल्यावर डोकं शांत ठेवणं, यातलं बरंच काही एक पैसा न लावताही शिकता येतं. आणि ओळखीचं कोणी हरलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा पुन्हा खेळत असेल, घरात लपवत असेल, उसनवारी करत असेल, तर त्याला गणित समजावत बसू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी आहे, क्रमांक १४४१६. तिथे मराठीतही बोलता येतं. तो फोन आधी लावून द्या.